तुळशीरामजींच्या गळ्यासाठी वऱ्हाडात

वऱ्हाडात जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातली मंडळी पहिला प्रश्न हमखास उन्हाचा विचारतात. ऊन नव्हतं हो! मी गेलो तो थंडीत, कापसाच्या ऐन हंगामात, आणि पहाटे माझे दात वाजत होते. एवढं ऐकलं की विचारणाऱ्याचा उत्साह मावळतो आणि तो दुसऱ्या विषयाकडे वळतो. खरं सांगायचं ते पोटातच राहतं. म्हणून ते इथे लिहून काढतो आहे.

मी नाक-कान-घशाचा डॉक्टर. माझा वर्गमित्र वामन मूळचा अमरावतीचा, पण दवाखाना त्याने अकोल्याला जठारपेठेत थाटला. त्याचं बोलावणं आलं ते एका रोग्यासाठी. तुळशीरामजी नावाचे कापसाचे दलाल. सकाळच्या गारठ्यात कानगळ्याला दुपट्टा गुंडाळून ते जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, रुई बघायला गेले होते. दुपट्ट्याचं सुटलेलं टोक यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात सापडलं आणि गळा आवळला गेला. त्यांचे जोडीदार दलाल किसनराव शेजारीच होते. त्यांनी कोयता घेऊन दुपट्टा कापला. वामनने गळ्याला खाली भोक पाडून त्यात चांदीची नळी बसवली आणि जीव वाचवला. पण कंठमणी आतल्या आत चेचला गेला होता. नळीवाचून श्वास नाही, आणि आवाज तर मुळीच नाही. वामनने लिहिलं होतं, "श्वास मी दिला आहे. आवाज देणं माझ्या हातचं नाही. तू ये."

असले गळे मी तोवर फार हाताळलेले नव्हते. पण वामनला नाही म्हणणं मला कॉलेजात असतानाही कधी जमलं नव्हतं.

बडनेरा

सुरुवातच अशी झाली की ती सांगायलाही लाज वाटते. कल्याणला गाडी बदलली, वरच्या फळीवर आडवा झालो आणि अकोल्याला जागं व्हायचं असं स्वतःला दहादा बजावून जो झोपलो, तो बडनेऱ्याला उठलो. अकोला केव्हाच मागे पडलं होतं. हत्यारांची पेटी छातीशी धरून मी फलाटावर उभा राहिलो. एवढा मोठा शल्यविशारद म्हणून बोलावलेला माणूस, आणि त्याला स्टेशनावर उतरता येईना!

शेजारी एक शेतकरी भाजलेल्या शेंगा खात बसला होता. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "जेवले काय जी?"

सकाळचे सात वाजलेले. मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. मी जरा तुटकपणे म्हणालो, "एवढ्या सकाळी कोण जेवतं?"

"तं मंग शेंगा घ्या," तो म्हणाला आणि ओंजळभर शेंगा त्याने माझ्या कोटाच्या खिशात ओतल्या.

हा प्रश्न पुढे मला सगळ्या मुक्कामात दर घरी, दर वळणावर भेटला. आमच्याकडे दुपारी पाहुणा दारात दिसला की "जेवणं झालीच असतील ना?" असं विचारतात. त्याला उत्तर एकच, आणि ते पाहुण्यालाही ठाऊक असतं. इथे मात्र लोक उत्तर ऐकायला थांबतात आणि उत्तर 'नाही' असेल तर हाताला धरून आत नेतात. पहिले दोन दिवस मी या प्रश्नाने अगदी हैराण झालो.

अमरावती

बडनेऱ्याहून फाट्याच्या गाडीने अमरावती अगदी जवळ. वामनची थोरली बहीण तिथे राहते, यजमान वकील. तिच्या दारात मी पेटीसकट उभा राहिलो तेव्हा ताईंनी मला लगेच ओळखलं.

"तुम्ही अकोल्याला उतरायचे ना? काहून इकडे?"

मी खरं ते सांगितलं. त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की मलाही हसू आलं. वामनला लगोलग तार गेली. उलट तार आली ती अशी की किसनराव काही कामाने अमरावतीतच आहेत, उद्या सकाळी मोटारीने तेच मला घेऊन येतील. रोगी नळीवर सुखरूप आहे, घाई नको. मला घाई होती. पण ताईंनी तोवर पुरण शिजायला टाकलं होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मांडे होताना पाहिले. ताईंनी पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेतला. मनगटांवरून, कोपरापर्यंत तो असा झुलवत झुलवत वाढवला की धोतरासारखा पातळ झाला. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर तो अलगद पसरला. कुठे फाटला नाही, कुठे चिकटला नाही. मी गळ्यातली नाजूक पातळ आवरणं रोज हाताळतो, पण त्या खापरापुढे मी आ वासून बसलो. ताईंनी विचारलं, "पुण्याला करतात का?" मी म्हणालो, "पुण्याला पुरणपोळी करतात." "मग पुरणपोळीच करत असतील," असं म्हणून त्यांनी माझ्या पानात दुसरा मांडा घडी करून ठेवला. दूध, तूप, वर पिठीसाखर. दुपारी मी असा झोपलो की त्या दिवशी अकोल्याला जायचं असतं, तर पुन्हा बडनेऱ्यालाच गेलो असतो.

संध्याकाळी अंबादेवीच्या देवळात जाऊन आलो. मी फारसा देवदेव करणारा नाही. पण त्या दिवशी हात जोडले आणि मनात म्हटलं, हात स्थिर राहू दे.

दर्यापूरच्या वाटेवर

किसनराव म्हणजे धिप्पाड, मिशाळ आणि बोलके. डोक्याला पटका, खांद्यावर दुपट्टा. "गळ्याभोवती नाई गुंडायत आता. आमच्या बाजारात कोनीच नाई गुंडायत," ते म्हणाले. 'ळ' चा 'य' करायची त्यांची रीत कानाला सवयीची व्हायला मला अर्धा दिवस लागला.

अकोल्याला सरळ रस्ता असताना आम्ही दर्यापूरकडे वळलो, कारण तिथे त्यांची बहीण होती आणि बहिणीच्या गावावरून तसंच जाणं त्यांना पटेना. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, आणि तिच्यावर कापूस असा फुटलेला की नजर पोचेल तिथवर पांढरं. बाया ओटीत कापूस वेचत होत्या. मधूनच कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या जात. रस्त्यावरच्या बाभळींना कापूस अडकून अडकून त्या झाडांनाही म्हातारपण आल्यासारखं दिसत होतं.

मागच्या बाकावर ते माझ्या शेजारीच होते. मी सहज विचारलं, "तुम्हाला मुलं किती, किसनराव?"

 त्यांनी माझा हात धरला, त्याच्यावर खांद्यावरचा दुपट्टा टाकला आणि आतून माझी बोटं दाबली. मी दचकून हात ओढून घेतला.

"अरे बापा, घाबरले काहून? पाच हाय म्हनलं."

"मग तोंडाने सांगा की!"

"आकडा असा चारचौघात बोलाचा नसते, डाक्टरसाहेब. सवय पडली आता," असं म्हणून ते मोठ्याने हसले.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कापसाच्या बाजारात भाव तोंडाने कुणी सांगत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वरून दुपट्टा टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा करतात. कोणतं बोट, किती बोटं, कांडं की पूर्ण बोट, यावर सगळा हिशेब. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. याला ते हत्ता म्हणतात. सरकारला ही गुपचूप पद्धत आवडत नाही, शेतकरी नागवला जातो असं सरकारचं म्हणणं. "त्ये बी खरंच हाय म्हना," किसनराव प्रांजळपणे म्हणाले. "पन आमचा तुळशीराम या कामात असा पक्का का काय सांगू. घरी बायकोनं इचारलं किती भाकरी वाढू, तं तो पदराखाली हात घालते!"

दर्यापूरला त्यांच्या बहिणीने चहा केला. माझं चहाचं वेड जगजाहीर आहे, आणि दोन दिवसांत धड चहा मिळाला नव्हता. मोठा घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं झालं. चहा खारट! मला वाटलं साखरेच्या जागी मीठ पडलं. पण त्या सगळ्या टापूत विहिरींचं पाणीच खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बहीण ओशाळून उभी राहिली. मग मी कप संपवला आणि वर आणखी अर्धा मागितला. वाटेत किसनरावांनी माझी पाठ थोपटली. "मले वाटलं पुन्याचा मानूस नाव ठेवीन," ते म्हणाले.

पूर्णा नदी ओलांडल्यावर ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "माह्यासंग बाजारात वीस वर्सं बसला तो. कोयता हानला तवा मले वाटलं, मीच त्याचा गया कापून राहिलो. डाक्टरसाहेब, बोलीन न तो?"

मी म्हणालो, "बघू." 

अकोला, जठारपेठ

तुळशीरामजी वामनच्या दवाखान्यातल्या खाटेवर ताठ बसलेले होते. सडपातळ, पिकलेल्या मिशा, आणि डोळे असे मिश्कील की गळ्यातल्या नळीकडे आधी लक्षच जात नाही. मला पाहिल्याबरोबर त्यांनी पायथ्याशी बसलेल्या बायकोला खूण केली. भागाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "ते इचारून राहिले, जेवले काय?"

तपासणी करून मी बाहेरच्या ओसरीवर आलो, तर भागाबाई मागोमाग. पदर डोक्यावर, नजर खाली, पण बोलणं सरळ.

"मले खरं सांगजा जी. नळी राहिली तं राहू द्या. जीव हाय, तेवढं बम हाय, लय हाय. पन त्यायचा आवाज नाई तं घर खायाले उठते. बाजारातून आले का फाटकातून आधी मले इचारत, जेवली काय? मंग पटका उतरवत. मी रोज म्हनो, तुमाले सोडून कशी जेवीन? तरी रोज इचारत. आता नुस्ते खाटेवर बसून राहातात, अन् मी त्यायच्या तोंडाकडे पाहात राहातो."

 वामन आत हात धूत होता, तो मुद्दाम धूतच राहिला.

आता त्या गळ्यात काय करायचं होतं ते सांगतो. घाबरू नका, सोपं करून सांगतो. कानाचा वरचा भाग दाबून पाहा, वाकतो पण मोडत नाही. ती कूर्चा. कंठमणी त्याच कूर्चेचा, पण जाड. पुस्तकाचे दोन पुठ्ठे बांधणीपाशी जुळावेत तशी त्याची दोन पानं पुढे जुळतात आणि त्यांच्या आत आवाजाच्या दोन पट्ट्या ताणलेल्या असतात. दुपट्ट्याने आवळून ती पानं फुटली होती, तुकडे आत ढकलले गेले होते आणि श्वासाची वाट त्यांनी बुजवली होती. कूर्चेला रक्त फार थोडं मिळतं, तेही तिच्यावरच्या आवरणातून. आवरण सोललं की तुकडा मेला. जरा पू झाला की कूर्चा विरघळते आणि गळा कायमचा बसतो. तेव्हा तुकडे आवरणासकट जागेवर आणायचे, बारीक चांदीच्या तारेने शिवायचे, आणि ते जुळून येईपर्यंत पुन्हा आत कोसळू नयेत म्हणून पोकळीत रबराचा साचा ठेवायचा. गवंडी कमान बांधतो तेव्हा चुना धरेपर्यंत खाली लाकडी आधार ठेवतो ना, तसाच. साचा हलू नये म्हणून एक तार त्याच्यातून आरपार घेऊन गळ्याबाहेर बटणावर बांधायची.

आणि बटण मी पुण्याला विसरलो होतो! हत्यारांची पेटी छातीशी धरून बडनेऱ्यापर्यंत आणली आणि बटण मात्र टेबलावर राहिलं. मी कपाळावर हात मारला. वामन घरातलं कुठलंसं बटण शोधायला निघाला, तेवढ्यात भागाबाईंनी नवऱ्याच्या बाजारात जायच्या कोटाचं शिंपल्याचं बटण दाताने तोडून पुढे केलं.

"त्यायचंच लावा. परक्याचं काहून?"

ते बटण आम्ही चांगलं उकळून घेतलं.

दुसरी अडचण मोठी होती. गळा टोचून बधिर करायचा, पण रोगी जागा ठेवायचा, म्हणजे खोकला आला, श्वास अडला, दुखलं, तर त्याने सांगावं. पण सांगणार कसं? बोलता येत नाही आणि चेहरा चादरीखाली. मान हलवली तर माझी सुरी घसरायची. मी आणि वामन यावर बराच वेळ घासाघीस करत होतो. किसनराव दारात उभे राहून ऐकत होते.

"चादर टाकनार हाय न वरून?" ते म्हणाले. "मंग हात माह्या हातात द्या न त्याचा!"

मी वामनकडे पाहिलं. वामनने डोळे मिचकावले. तुळशीरामजींनी तर खाटेवरून हात पुढेही केला होता. आम्ही तिथेच ठरवलं. अंगठा दाबला तर दुखतं आहे. दोन बोटं दाबली तर श्वास कमी पडतो आहे. पूर्ण मूठ आवळली तर थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनरावांना पांढरा अंगरखा चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि टेबलाच्या कडेला स्टुलावर बसवलं. गळ्याकडे बघायचं नाही अशी सक्त ताकीद दिली. त्यांनी डोळे मिटले आणि चादरीखाली मित्राचा हात धरला.

"अंगठा," ते म्हणाले, की मी थांबून औषध टोचत असे. "दोन बोटं," की वामन नळी साफ करी. गळा मधोमध उघडला तेव्हा आतली दशा दिसली. डावं पान पार चेचलेलं. एक तुकडा तर आडवा होऊन वाटेतच बसला होता. पण आवाजाच्या दोन्ही पट्ट्या होत्या. पुढच्या टोकाला सुटलेल्या, पण होत्या! मी एकेक तुकडा चिमट्याने असा उचलला की त्याचं आवरण ताणलं जाऊ नये. त्या वेळी ताईंचे मांड्याखालचे हात मला आठवले, खोटं कशाला सांगू.

निम्मं शिवणकाम झालं असेल आणि किसनरावांच्या नाकातून विचित्र आवाज यायला लागले.

"काय झालं? दुखतंय?"

"नाई जी, थांबू नोका. हे दुखनं नाई." ते हसू दाबत होते. "हा भाव करून राहिला."

"कशाचा भाव?"

"कापसाचा. तुमच्या सुईच्या नशेत हाय. माह्या गाड्या मागून राहिला, अन् भाव तं असा पाडून राहिला का काय सांगू!"

वामनचे खांदे हलायला लागले. मी ओरडलो, "तुम्ही काय करता आहात?"

"मी कायले देतो त्या भावानं!" किसनराव म्हणाले.

आणि चादरीखाली घासाघीस चालूच राहिली. वर मी चांदीच्या तारेचे टाके घालत होतो, खाली ते दोघे कापूस विकत होते. माझ्या उभ्या आयुष्यात टेबलावर असली गंमत झाली नाही. पण त्या हसण्याने माझे आखडलेले हात सैल झाले हेही खरं. पट्ट्यांची टोकं मी जागेवर शिवली, साचा बसवला, पानं मिटली आणि शेवटी शिंपल्याच्या बटणावर तार बांधली.

"सौदा जमला का?" मी हातमोजे उतरवताना विचारलं.

"नाई जमला. असा चिकट मानूस नाई पाह्यला," किसनराव म्हणाले. डोळे उघडून त्यांनी मित्राच्या गळ्याकडे पाहिलं आणि स्टुलावरच रडायला लागले.

दुसरी खेप

जखम धरली, पू झाला नाही, मी पुण्याला परतलो. साचा काढायला पुन्हा गेलो तेव्हा बाजार मंदावला होता आणि उन्हाला धार यायला लागली होती. या वेळी अकोल्याला वेळेवर उतरलो, कारण बायकोने रात्रभर न झोपण्याची शपथ घातली होती. फलाटावर किसनराव, वामन आणि दोन अनोळखी दलाल. चौघांनी एका सुरात विचारलं, "जेवले काय?"

मी म्हणालो, "नाही हो, कुठे!" मला आता ती रीत कळली होती.

बटणाची तार कापली, तोंडातून नळकांडं घालून साचा अलगद ओढून काढला. आत पाहिलं तर कमान उभी होती. पण पट्ट्या सुजलेल्या, त्या हलतात की नाही ते कळेना. सूज उतरेपर्यंत गप्प राहायचं असं सांगून मी थांबलो. भागाबाईंनी बटण मागून घेतलं, धुतलं आणि कोटाला परत शिवलं.

आवाजाच्या परीक्षेच्या दिवशी वामनच्या घरी रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवलेले, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. वाढणाऱ्याला नको म्हणणं म्हणजे त्या घरी भांडण काढणं. दुपारी मी पानावरून उठलो तेव्हा मला वाकून जोडे घालता येईनात.

दवाखान्यातल्या खाटेवर तुळशीरामजी चादर पांघरून बसले होते. भागाबाई कोपऱ्यात. किसनराव दारात, मिशी चावत. मी नळीच्या तोंडाला बूच लावलं. तुळशीरामजी क्षणभर कासावीस झाले, आणि मग नाकातून लांब श्वास आत गेला. बाहेर आला. पुन्हा गेला. वामनने माझा खांदा दाबला. अर्धी लढाई जिंकली होती.

"आता बोला," मी म्हणालो. "एक, दोन, तीन म्हणा. सावकाश."

तुळशीरामजींनी माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले.

"भिऊ नका. एक, म्हणा."

काही नाही. घशात हालचालसुद्धा दिसेना. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, स्वतः मोजून दाखवलं.  वामन खिडकीकडे वळला. भागाबाईंनी पदर तोंडाला लावला. माझी खात्रीच झाली. पट्ट्या हलत नाहीत, शिवण चुकली, एवढ्या लांबून येऊन मी या माणसाला फक्त श्वास दिला, आणि तो तर वामनने आधीच दिलेला होता.

तेवढ्यात चादरीखालून एक हात आला आणि माझा हात चाचपडू लागला. मी यंत्रासारखा तो दिला. तुळशीरामजींनी चादरीचं टोक आमच्या हातांवर नीट ओढून घेतलं आणि माझं एक बोट दाबलं. मग दोन. मग तीन.

दारातून किसनरावांचा हसण्याचा असा स्फोट झाला की मी उडालोच.

"अहो डाक्टरसाहेब, आकडा मांगता काय त्याले? अन् तो बी चार लोकाइत? तो मरून जाईन पन तोंडानं आकडा नाई सांगनार!"

तुळशीरामजींच्या चेहऱ्यावर खरोखरच थोडी नाराजी होती. जन्मभर जे केलं नाही ते मी भर खोलीत करायला सांगत होतो.

"बरं बाबा, आकडा राहू द्या," मी म्हणालो.  "तुमच्या मनात येईल ते बोला."

त्यांनी माझा हात सोडला. मान हळूहळू कोपऱ्याकडे वळवली. घशातला तो शिवलेला मणी वर गेला, खाली आला. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग ओल्या पोत्यावर पोतं ओढावं तसा, खरखरीत आणि जाड, पण माणसाचा आवाज आला.

"जेवली काय?"

भागाबाई सकाळपासून उपाशी होत्या, हे मला मागून कळलं. त्या उठून खाटेपाशी आल्या. रडत होत्या आणि रडता रडता नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "तुमाले सोडून कशी जेवीन जी?"

वामन चष्मा पुसत होता. किसनराव मिशी पुसत होते. मी दोघांकडेही बघायचं टाळलं. आता बोलणं बंद, घशाला विश्रांती, असं डॉक्टरी थाटात सांगायला मी तोंड उघडलं, पण तुळशीरामजींनी माझ्याकडे मान वळवली होती.

"तुमी?" त्यांनी विचारलं.

रोडगे माझ्या गळ्यापर्यंत आले होते.

"नाही," मी म्हणालो. आणि भागाबाईंनी पाट मांडला तिथे जाऊन बसलो.